डोळे बांधून दिलेला दाखला

सोमवार, ९ मार्च. कोपर.
प्रतिज्ञा: नात इरा व तिच्या वर्गाने प्रकल्प म्हणून केलेले मिठागरांविषयीचे संकेतस्थळ अंध व्यक्तीस कोणाच्याही साहाय्याविना वापरता येते. पुढील नोंदी हे सिद्ध करण्यासाठी.
हेतू: प्रत्येक छायाचित्रास शब्दवर्णन आहे, पडदा वाचून दाखवणारी प्रणाली ते उच्चारते. वर्णने मीच तपासली. ‘सुंदर दृश्य’ अशी सात निघाली, खोडली. सौंदर्य हा निष्कर्ष. वाचकाला आधी पुरावा द्यावा.

मंगळवार, १०
प्रत्यक्ष प्रमाण. डोळ्यांवर पंचा बांधून बसलो. मुलाखत ऐकली, प्रकरण उघडले, चाचणीची फाइल चढवली. चौदा मिनिटे.
इरा: “आबा, भारी! आता तेवढा दाखला द्या ना. विभागप्रमुख तुमचेच विद्यार्थी, तुमचा शब्द खाली पडू देणार नाहीत.”
दिला. ‘कोणताही अडथळा आढळला नाही.’ सही, तारीख.

गुरुवार, १२
दाखला पोहोचताच विभागाने स्थळ गोठवले. मूल्यमापन होईपर्यंत रचनेत बदल नाही. आता प्रत्येकाने आपला भाग आपल्या खात्यातून चढवायचा. मुदत शनिवार दु. बारा. नाही चढला तर गुण नाहीत.
सायं. वैशाली आली. इराची वर्गमैत्रीण, आंबिवलीची, जन्मांध. मिठागरांत राबलेल्या वृद्धांच्या साऱ्या मुलाखती हिच्या. नेमका हिचाच भाग चढत नाही. मुदत वाढवून मागितली, तर विभागप्रमुखांचे उत्तर: आमच्या गुरूंनी तपासले आहे, तू नीट प्रयत्न कर.
मी पद्धत सांगितली. फाइल उचलून चौकटीत सोडायची.
“उचलायची कशाने, आजोबा?”
“माउसने.”
“मी माउस धरतच नाही. बाण दिसला तर नेणार ना! माझं सगळं कीबोर्डवर.” मग हसली. “म्हणजे डोळे बांधलेत, हात सोडलेत होय?”
इरा मध्ये पडली. “अगं, दे इकडे, तुझ्या लॉगिनने मी टाकते. दोन मिनिटांचं काम.”
“नको. पहिलीपासून माझं सगळं कुणीतरी टाकलेलं आहे. हे मी केलंय.”

शुक्रवार, १३
चौकट कोठे आहे हे पंचा बांधण्यापूर्वीच ठाऊक होते. म्हणजे परीक्षा झाली ती माझ्या स्मरणशक्तीची. उघड हेत्वाभास. याच चुकीसाठी तर्कशास्त्राच्या वर्गात किती जणांना उभे केले...
इरा म्हणते, दुरुस्ती तासाभराची: कीबोर्डने दाबता येईल असे एक बटण. परंतु त्यासाठी गोठवणे उठले पाहिजे, आणि ते माझ्या दाखल्यावर उभे.
दाखला मागे घेणारे पत्र घेऊन स्वतः कल्याणला, इराच्या महाविद्यालयात गेलो. विभागप्रमुख उठून उभे राहिले, आपली खुर्ची पुढे केली.
“सर, तुमचा दाखला मी खोटा कसा ठरवू?”
“तुम्ही नका ठरवू. मी ठरवला आहे.”
वरिष्ठांना विचारून कळवतो, म्हणाले.

शनिवार, १४. सकाळी दहा.
उत्तर नाही. इराने बटण तयार ठेवले आहे. वैशालीचा फोन: “आजोबा, मी बसलेय लॉगिन करून.” मुदतीस दोन तास.
पत्रात तांत्रिक त्रुटी लिहिली. चूक ती नव्हे, म्हणून येथे नोंदवतो: वैशाली या वर्गात आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तिला न विचारता, तिच्या वतीने, मी स्वतःचे डोळे बांधले.
ग. वि.