दुसरी वेलांटी

प्रिय खिळ्या,

दोन वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून लगेच हुरळून जाऊ नकोस. राग अजून तसाच आहे. कुणावर, ते शेवटी सांगतो. शाळेत तू वडिलांच्या छापखान्यातले शिशाचे खिळे खिशात घालून यायचास, तेव्हापासून तू आणी मी एका बाकावर. मी लिहायचं, तू छापायचं, हे तेव्हाच ठरलं होतं.

एकोणीस वर्षं मी त्या कवीच्या वह्यांवर घालवली. तुझी वहिनी म्हणायची, या घरात सवत नांदतेय. वह्या लेखनिकाने उतरवलेल्या, त्यामुळे अक्षरावरून काहीच कळेना. पण त्या पठ्ठ्याने मुळातल्या चुकाही जशाच्या तशा उतरवल्या होत्या. कवी 'आणि' नेहमी पहिल्या वेलांटीने लिहायचा. त्याच्या नावावरच्या बारा कवितांत मात्र सगळीकडे 'आणी', दुसरी वेलांटी. त्याच्या धाकट्या बहिणीच्या पत्रांतही तेच. म्हणजे त्या बारा कविता तिच्या. त्याच सगळ्यांत चांगल्या आहेत. माझ्या पुस्तकाचा सगळा डोलारा त्या एका वेलांटीवर उभा होता.

पुस्तक छापून आलं. पान एकशे बारा: 'भाऊ "आणि" लिहितो, बहीण मात्र "आणि" लिहिते.' चर्चासत्रात एकाने ते मोठ्याने वाचलं आणि सभागृह पोट धरधरून हसलं. माझी मुद्रितं तू स्वतः तपासायचास, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाहीस. म्हणून मी भर सभेत तुला अडाणी म्हणालो, पुस्तकाचा गळा घोटलास म्हणालो. तू तिसऱ्या रांगेत चष्मा पुसत बसला होतास. तेवढ्यावर माझं भागलं नाही. मासिकातही तेच लिहिलं. मग एकेक लेखक तुझ्याकडून हस्तलिखितं परत नेऊ लागला. गेल्या महिन्यात तू प्रकाशन बंद केलंस हे कळलं तेव्हा मला बरं वाटलं. लाज वाटते, पण वाटलं खरं.

मंगळवारी तुझ्या लेकीने कचेरी आवरताना सापडलेला माझ्या मुद्रितांचा गठ्ठा पाठवला. तुझ्याविरुद्ध आणखी काही मिळेल म्हणून मी तो अधाशासारखा सोडला. एकशे बाराव्या पानाला तुझी चिठ्ठी टाचलेली होती: "'आणी' बऱ्याच ठिकाणी दीर्घ पडलंय. मुद्दाम आहे का? की सगळीकडे दुरुस्त करू?" खाली माझं अक्षर: "कर. असल्या बारीकसारीक गोष्टी मला विचारत जाऊ नकोस." तारीख माझ्या सत्काराच्या दिवसाची. घाईत होतो, चिठ्ठी धड वाचलीही नसणार. त्या बिचारीच्या कविता मीच तिच्या हातून पुन्हा काढून घेतल्या. आणि ही चिठ्ठी तुझ्यापाशी असताना तू ती कुणालाही दाखवली नाहीस. का रे? एकदा माझ्या तोंडावर फेकायचीस. तुझ्या या गप्प बसण्याचा मला फार राग येतो, आणि माझा स्वतःचा तर त्याहून जास्त. चिठ्ठी मासिकाकडे पाठवली आहे, माझ्या अक्षरासकट छापा म्हणून. माफी मागत नाही. तू लगेच माफ करून टाकशील. वर पहिल्याच परिच्छेदात एक 'आणी' दीर्घ आहे. ते मुद्दाम आहे. तरी एकदा विचार.

तुझाच,
पंडित