पाण्यात कोणी काय टाकलं

२१ जुलै

कावीळ आता खालच्या गल्लीत घरोघर. मंदाबाईंची सून जळगावला अ‍ॅडमिट आहे. परवा कॉलेजात चाचणी – मध्ययुगीन युरोप – आणि माझं चित्त गावात. प्लेगचा धडा वाचत होते. ज्यूंनी विहिरीत विष टाकलं अशी आवई उठली आणि त्यांच्या वस्त्याच्या वस्त्या जाळल्या. ज्यूही त्याच प्लेगने मरत होते, तरी! यात पाठ करण्यासारखं काय आहे, कळेना. सन तेवढा लक्षात ठेवला, १३४८.

२२ जुलै

रेशमाच्या झोपडीपुढे रांग. रेशमा म्हणजे धनाची बायको. धना आमचा सालदार, सातपुड्यातला. वर्षभर मळा सांभाळतो, तिथेच राहतात. ती काविळीची माळ करते, कसल्याशा काड्यांची, आणि डोक्यावर घालते. माळ वाढत वाढत खाली उतरली की कावीळ उतरली म्हणायचं. मला पटत नाही. पण आईनेही खालच्या गल्लीतल्या मावशीसाठी मागून आणली.

२३ जुलै

पेपर बरा गेला.

एसटीतून उतरले तर पारावर पितांबरकाका बोलत होते. "बठ्ठं गाव आजारी पडनं, त्यासनं एक पोरगं बी पडनं नही. पानीमा काहीतरी टाकं त्यास्नी." त्यासनं म्हणजे धनाचं, आणि शेजारच्या मळ्यांत राहणाऱ्या डोंगरातल्या सगळ्यांचं. कोणी म्हणालं, जिला उतारा माहीत तिला रोग लावणंही माहीतच. कालपर्यंत हीच माणसं तिच्या दारात उकिडवी बसली होती.

सकाळी पेपरात लिहिलं तेच संध्याकाळी पारावर, अहिराणीत!

धनाची मुलं आजारी पडतील कशी? त्यांना गावचा नळच दिलेला नाही. मळ्यातल्या बोअरचं पितात. आणि आमच्या तरी घरात कोण पडलंय? आमच्याकडे फिल्टर आहे. ते बरं कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

२४ जुलै

आबांना सांगितलं. आबा, माझे वडील, माजी सरपंच. त्यांनी पारावर जाऊन एकदा दटावलं असतं तर विषय संपला असता. म्हणाले, "नूतन, तुले गाव माहीत नही. दोन दिवस लोके बोलतीन, गप बसतीन." मग एकतीस तारखेला ग्रामसभा कशाला ठेवलीय? डोंगरातल्या लोकांना शिवारातून काढायचं की नाही, हाच विषय आहे म्हणे. आबांनी पेपर उघडून तोंडापुढे धरला.

२५ जुलै

रेशमा भांड्यांना आली नाही.

२६ जुलै

काल कोणीतरी त्यांच्या झोपडीवर दगड टाकले. पत्रा चेपला. कोणाला लागलं नाही. पुढचा लागेल, असंच सारखं वाटतंय. जेवण जात नाही. आईला वाटतं मलाही कावीळ झाली, डोळे बघत बसते.

सरांनी कॉलराचं शिकवलं होतं. लंडनमध्ये एका डॉक्टरने दगावलेल्यांची घरं नकाशावर मांडली, तर बहुतेक सगळी एकाच पंपाच्या आसपास निघाली. तेव्हा मला चक्क डुलकी आली होती. आज दुपारी सुई-दोरा आणायच्या निमित्ताने सगळं गाव फिरले. आजीबाईंसारखी दारोदार चौकशी. वरच्या गल्लीत कोणीच आजारी नाही. आमचं घर ओलांडलं की सुरू. आणि पाण्याचा पाइप वरून खाली येतो.

म्हणजे जे काही आहे ते आमच्याच दाराशी.

२८ जुलै

हिलालदादा गावाचं पाणी सोडतात. त्यांना म्हटलं, आमच्या घरापुढे खणून बघा. ते म्हणाले, आबांना विचारतो. मी म्हटलं, मी सांगतेय ना. थोडं खणलं आणि वासच आला. पाइपाला तडा गेलेला आणि त्याला लागून आमच्या नव्या संडासाचा खड्डा, पाझरणारा. गर्दी जमली. पितांबरकाका नाकाला रुमाल लावून उभे.

लाजेने मान वर करवेना. तरी आतून हायसं वाटलं. धना-रेशमाच्या मागचं तरी सुटलं.



३१ जुलै

ग्रामसभा. पितांबरकाकांनी विचारलं, "तो खड्डा खंदा कोनी?"

आबा म्हणाले, "धनानी."

खोटं नाही ते. पण खाली पाइप आहे, असं धना तेव्हा म्हणाला होता. घरामागे गाडी लावायची म्हणून आबांनीच त्याला तिथे खणायला लावलं. मी ऐकलंय. मी उभी राहिले आणि सगळ्यांदेखत तसं सांगितलं.

धना दाराजवळ उभा होता. हात जोडून म्हणाला, "नही ताई, जागा मीच ठराई. चूक मनी शे."

त्या ज्यूंकडून कबुली घ्यायला त्यांचे हाल हाल करावे लागले होते. याला कोणी बोटही लावलं नव्हतं.