गोळी जेवणापूर्वी

३ तारीख, सोमवार, सकाळी ८
आजपासून नोंदी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हात कधी थरथरतो, घाम कधी फुटतो, डोकं कधी फिरतं, सगळं वेळेसकट लिहा. नऊ वर्षं शुगर मुठीत ठेवलीय मी. दीड महिन्यापूर्वी गोळी बदलली, तेव्हापासून नाश्तासुद्धा बंद. म्हणजे रोग दुसराच आहे. तो मीच शोधणार.
संकल्प : शांत राहणे.

सोमवार, ११.२०
घाम. थरथर. दाढी करताना गिऱ्हाइकाच्या कानाला वस्तरा लागला. किरकोळ. तो बोंबलला म्हणून कानफटात दिली. पण दुसऱ्या बाजूला. म्हणजे भान शाबूत होतं.

५ तारीख, ११.३५
आरशातला माणूस डोळे वटारून बघत होता. पावडरचा डबा फेकून मारला. आरसा गेला, गिऱ्हाइकं गेली. दुकानातल्या खुर्चीचा एक हात तुटलाय, तो पाच वर्षांपूर्वीचा. या तपासात धरू नये.

८ तारीख, शनिवार, ११.४०
बायको डबा घेऊन दुकानात आली. म्हणाली, दोन घास खाऊन घ्या, चेहरा पांढराफटक पडलाय. मी स्टूल भिरकावलं. तिच्या कपाळाला तीन टाके. रक्त बघून मीच आधी आडवा झालो, याची कोणाला कदर नाही. दवाखान्यातून ती परस्पर भावाकडे गेली. आजारी नवऱ्याला असं टाकून जातात?

१० तारीख, सोमवार
डॉक्टरीणबाईंनी नोंदी वाचल्या. विचारलं, गोळी कधी घेता? म्हटलं, तुम्ही लिहिलंत तशीच, जेवणापूर्वी. सकाळी आठला. आणि जेवता कधी? दोनला. बाईंनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, अहो, गोळी घेतली की लगेच खायचं असतं. शुगर पार खाली जाते, त्यानेच थरथर, घाम, चिडचिड.
सापडलं! मी निर्दोष. सगळं त्या गोळीने केलं. उद्या बायकोला घेऊन येणार.

११ तारीख, सकाळी १०
भरपेट नाश्ता करून निघालो. मेहुणा दारात आडवा उभा. त्याला ढकललं नाही, हे नोंदवतो. बायको बाहेर आली, कपाळावर पट्टी. सगळं समजावलं, डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी दाखवली. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, ही गोळी कधीपासून? म्हटलं, दीड महिना. तिने डावं मनगट पुढे केलं. हाड वाकडं जुळलंय. म्हणाली, खुर्चीचा हात यावर तुटला होता, तेव्हा ही गोळी कुठे होती?
लाज वाटली. तिने दार लावून घेतलं.

११.३०
पोट भरलेलं आहे. हात थरथरतोय.