काचेआडची वेणी

आदरणीय संस्कृतीताई,

आपल्या घरात माझे पाऊलही अजून पडलेले नाही आणि मी इतके लांबलचक लिहिण्याचे धारिष्ट्य करते आहे, याबद्दल क्षमा असावी. रोजनिशी दुसऱ्याला दाखवावी असा माझा स्वभाव नाही. तरीही ही पाने धाडते, कारण सुपारीच्या दिवशी दिलेले ते भरतकाम आता आपल्या दिवाणखान्यात आहे. हे वाचून होईपर्यंत कृपया त्याला हात लावू नये.

१८ नोव्हेंबर २००७, रविवार

आज मला स्वतःचे घर मिळाले! खराडीच्या कंपनीत लागल्यापासून मुलींच्या वसतिगृहात राहत होते. आता आनंदीबाईंच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला आहे. त्यांची ज्वारी जिथे उभी राहत असे तिथे आता काचेच्या इमारती उभ्या आहेत, आणि त्यांतल्याच एकीत मी दिवसभर बसते. बाहेरची खोली एवढी प्रशस्त आहे, की माझी पुस्तके एका कोपऱ्यात, लग्नघरात कोणी ओळखीचे नसलेल्या पाहुण्यांसारखी, अंग चोरून उभी आहेत.

समोरच्या भिंतीवर टाचण्यांनी लावलेले एक जुने भरतकाम आहे. खिडकीशी बसलेली पाठमोरी मुलगी आणि तिच्या पाठीवर उतरलेली काळीभोर वेणी. कापड पिवळे पडले आहे, परंतु वेणीची चकाकी कालच तेल लावल्यासारखी आहे. मी विचारले, तर आनंदीबाई म्हणाल्या, आसू दे तिथंच, भिताडाला सोबत हाय.

२४ नोव्हेंबर, शनिवार

वाशीमहून आई आली आहे. पुढच्या रविवारी शनिवार पेठेतली मंडळी मला पाहायला येणार आहेत. आईने खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाली, दहावीला बोर्डात आलीस ते काही भिंतीवर टांगता येत नाही. मुलीच्या हातचे काहीतरी दिवाणखान्यात दिसावे लागते. माझ्या हातांनी आजवर फक्त उत्तरपत्रिका भरल्या. तेव्हा या भरतकामाला चौकट करायची आणि ते आमच्या सत्यशीलाने केले म्हणून सांगायचे, असे आईने ठरवले. मी टाचण्या काढून दिल्या.

कोपऱ्यात नाव नव्हते. आईने तिथे ‘कु. सत्यशीला’ असे भरायला लावले. काळा दोरा घरात नव्हता, परंतु कापडाच्या मागे वेणीच्या दोऱ्याचे लांब शेपूट सोडलेले होते. तेच कापून घेतले, ओठांत ओले करून सुईत ओवले. खोबरेल तेल खवट झाल्यावर लागते तशी चव जिभेवर राहिली.

आनंदीबाईंनी जिन्यातच अडवले. चौकट कर, पण काच नगं लावू पोरी, ते कोंडंल. मला वाटले, खर्चाची काळजी. तरी पेठेतल्या चौकटवाल्यांना मी भीतभीत विचारले, काचेशिवाय होईल का? ते म्हणाले, होईल की, धूळ खायची आवड असेल तर. आई हसली. काच लागली, मागून पुठ्ठा ठोकून पक्के बंद झाले.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

काचेवर वाफ धरली आहे. आईने पदराने पुसली, पुसली जाईना. ती आतल्या बाजूने आहे. वेणीभोवती तेलाचा पिवळा डाग पसरतो आहे. वेणीच्या पेडांवर बारीक पांढरे ठिपके दिसले. बुरशी असावी म्हणून मी भिंग घेऊन पाहिले. लिखा होत्या. एक हलली.

सकाळची पोळी ओकून टाकली. आई म्हणते, परीक्षेच्या दिवशीही तुझे असेच होते.

२ डिसेंबर, रविवार

मंडळी आली. आईने वाफ दिसू नये म्हणून चौकट उजेडाच्या आड लावली होती. पाहायला आलेले विक्रम मितभाषी आहेत. मला बरे वाटले. त्यांची बहीण संस्कृती चौकटीपुढे बराच वेळ उभी राहिली आणि हे कोणी केले म्हणून तिने विचारले. आईने सांगितले. मी कपातल्या सायीकडे पाहत राहिले. त्यांच्या आई म्हणाल्या, भिंतीवर प्रमाणपत्रे टांगणाऱ्या मुली पुष्कळ पाहिल्या, टाका घालणारी पहिलीच.

पसंती तिथेच कळवली.

८ डिसेंबर, शनिवार

सुपारी फुटली. आईने चौकट कौतुकाने संस्कृतीताईंच्या हाती दिली. वर्तमानपत्रात गुंडाळताना मी पाहिले: वेणी मुलीच्या कमरेपाशी संपत असे, ती आता खाली जमिनीवर वळसा घालून पडली आहे.

परंतु चौकट गेली. आई संध्याकाळच्या गाडीने परतली. भिंत रिकामी आहे, आणि मला आनंद झाला आहे.

११ डिसेंबर, मंगळवार

जेवताना घशात केस लागला. बोटाने धरून काढू लागले. येतच राहिला. माझे केस मानेपाशी संपतात. हा हातभर झाला, तरी टोक येईना. ओढले तेव्हा पोटात काहीतरी उचलले गेले. कात्रीने कापला. उरलेला आत गेला.

खाली जाऊन आनंदीबाईंना सांगितले. त्यांनी तोंडावर पदर धरला. ते भरतकाम मालनचे, त्यांच्या थोरल्या नणंदेचे. पाहायला येणारे तिच्या धाकट्या बहिणीलाच पसंत करत. विंचरताना निघालेले गुंतवळ बायका बोहारणीला देतात. मालनने साठवले, आणि त्याने ही वेणी भरली, निदान हे पाहून तरी कोणी हो म्हणेल म्हणून. घरच्यांनी ते धाकटीच्या हातचे म्हणून दाखवले. धाकटीचे लग्न जमले. धाकटी नाव घालायला बसली तेव्हा मालनने सुई हिसकावली. पुढे ती स्वतःचे केस उपटून गिळू लागली, आणि त्यातच गेली. डॉक्टरांनी पोटातून गोळा काढला, वेणीवानी पिळल्याला, असे आनंदीबाई म्हणाल्या.

मी तो दोरा तोंडात धरला होता.

१३ डिसेंबर, गुरुवार

अन्न जात नाही. पाण्यालाही तेलाचा वास. ढेकर आली, तिच्याबरोबर पांढरे ठिपके — दातांवर. घासले. पुन्हा घासले.

१६ डिसेंबर, रविवार

ताई, काल आपला फोन आला. चौकटीखालून दोरा लोंबतो आहे, उद्या सकाळी ओढून काढते, असे म्हणालात. नको म्हणायला मी तोंड उघडले. आवाज येईना — नुसती घरघर. आपण हॅलो हॅलो करून ठेवलात.

एसएमएस केला. उत्तर आले, अगं, लाजतेस काय, तुझीच तर कला!

माझी नाही. मी केले नाही. आई बोलली आणि मी गप्प —

आनंदीबाई जेजुरीला. घरात कोणी नाही. आपला हा ऑफिसचाच ई-मेल पत्ता माझ्याजवळ — आज उघडाल ना —

आरशात पाहिले. जिभेच्या मुळाशी काळे. तीन पेड —

आत्ता हलके ओढले गेले. आतून.

ताई, तो दोरा ओढू नका. काच फोडा, वारा लागू द्या, माझे नाव उसवा, तिचे —

पुन्हा.

ओढू नका सगळे वर ये —

पाठवले: रविवार, १६ डिसेंबर २००७, सकाळी ११ वाजून ४२ मिनिटे