साहेबांच्या नावाचा फोन

८ एप्रिल ७४, सोम.
टाकी सकाळीच भरली. पाणी सोडून चहा केला. एकट्यापुरता.
हिंगोलीबाहेर टेकाडावर टाकी, टाकीखाली माझी खोली. नगरपालिकेने फुकट राहायला दिली म्हणून लोक मला नशीबवान म्हणतात. एक दिवस राहून बघा म्हणावं.
दुपारी फोन. "साहेब बोलतोय. खालच्या वस्तीची चावी बंद कर. लाइनीचं काम आहे. मी सांगेपर्यंत उघडायची नाही." आवाज बसलेला वाटला. उन्हाळ्यात सगळ्यांचेच घसे बसतात. नाव विचारलं नाही. मागे एकदा पाणीखात्याच्या साहेबांनाच "कोण बोलतंय?" विचारलं होतं, तर दिवसभर ऑफिसच्या दारात उभं केलं. तेव्हापासून फोनवर साहेब म्हणेल तो साहेब. "व्हय जी" म्हणालो आणि चावी फिरवली.

९ एप्रिल
विशेष नाही. ऊन. दुपारी एक्स्चेंजच्या बाई बोलल्या. गावातला प्रत्येक फोन त्या जोडतात. काम नसलं की टाकीची लाइन लावून विचारतात, "जेवलात का?" दिवसभरात माझ्याशी बोलणारं तेवढंच माणूस. आज ठेचा फार तिखट झाला म्हणालो, तर हसल्या. हे असं बोलणं नियमात बसत नाही, त्यांनीच सांगितलंय. वर कळलं तर नोकरी जाईल. घरी आजारी आई आहे त्यांच्या.
त्यांनी आपण होऊन फोन करावा म्हणून मी दुपारी कुठे जात नाही. हे त्यांना माहीत नसावं.

१० बुध.
मावशी टेकाड चढून आली. आईमागे हिनेच मला वाढवलं, खालच्याच वस्तीत. बसली नाही.
"काहून रे, आमचंच पानी तोडलंस? जयंती तोंडावर आली अन् बाया कयाधूच्या वाळूत झिरे खांदून राहिल्या."
"साहेबाची ऑर्डर हाय, मावशी."
"अन् तुला डोळे न्हाईत का? वरच्या पेठेत सडे पडून राहिले, तिथं न्हाई का लाइनीचं काम?"
चहा ठेवला होता. न घेताच गेली. दोन्ही कप मीच प्यायलो.

११ गुरु.
ऑफिसात गेलो. विचारलं, काम कधी संपणार? साहेब म्हणाले, "कसलं काम? सोमवारी मी परभणीला होतो मीटिंगला. कुणी सांगितलं तुला?"
सगळं सांगितलं. आधी हसले, मग उठून दार लावलं. "लेखी दे. व्हॉल्व्ह नादुरुस्त होता, आज दुरुस्त केला. बस्स. कुणीही फोन उचलून गावाचं पाणी बंद करू शकतो असं लिहिलंस, तर तुझंही हसं आणि माझंही."
लिहितो म्हणालो. लिहिलं नाही. तसाच पळत आलो, आधी चावी उघडली. कुणाच्या तरी सांगण्यावरून मी आपल्याच माणसांचं पाणी तोडलं. कुणाच्या, तेही माहीत नाही.

१४ रवि. जयंती
वरून निळे झेंडे दिसत होते. नवा सदरा घालून गेलो. मावशी भाकऱ्या वाढत होती, मलाही वाढली, पण बोलली नाही. शेजारचे म्हातारबा सगळ्यांपुढे म्हणाले, "साहेबाचा मानूस आला रं, जागा द्या." काही जण हसले. साहेबांचा नव्हता तो फोन, हे सांगावं तर विचारतील, मग कुणाचा? मिरवणुकीआधीच परत आलो. ढोल इथपर्यंत ऐकू येत होते.

१६ मंगळ.
पुन्हा तोच आवाज. "साहेब बोलतोय. खालची चावी आठवडाभर बंद."
विचारलं. "कोण साहेब? नाव सांगा."
फोन ठेवून दिला त्याने. म्हणजे माणूस तोच. आणि तो पुन्हा करणार. माझ्या रजेत दुसरा कुणी असला की तो "व्हय जी" म्हणेल.

१७ बुध.
बाईंना विचारलं, कालचा फोन कुठून जोडला? म्हणाल्या, "असं सांगता येत नाही हो. सांगितलं तर थेट घरी बसवतील." मी सोडून दिलं. फोन ठेवता ठेवता त्याच म्हणाल्या, "वरच्या पेठेतली हळदीची आडत. आठ तारखेचाही तिथलाच. लग्नघर आहे ना."
सगळं उलगडलं. खालची चावी बंद केली की वरच्या पेठेत धार जोरात येते. आडतवाला नगरपालिकेच्या पाणी कमिटीवर. फोनवरच्या 'साहेबां'चा घसा का बसला होता ते कळलं!

१९ शुक्र.
खरा अहवाल लिहून दिला. फोन खोटा, दोनदा आला, अमुक आडतीतून आला. पुढे फोनवरची ऑर्डर उलट फोन करून खात्री केल्याशिवाय मानू नये, हेही लिहिलं. साहेबांनी वाचून परत केला.
"आडतीतूनच आला हे तुला कुणी सांगितलं?"
मी अहवालाची घडी घातली.
"सोमवारी सांगणाऱ्याचं नाव घालून आण. नाहीतर चावी तू आपल्या मनानं बंद केलीस असं मीच लिहितो."
इकडे आड तिकडे विहीर, आणि मधे मी, पाणीवाला.
दुपारी फोन वाजला. उचलला नाही. पहिल्यांदाच.

२१ रवि.
आज उचलला. "दोन दिवस कुठं होतात?" सांगायचं नव्हतं, पण आवाज ऐकला आणि सगळं सांगून बसलो. म्हणालो, घाबरू नका, नाव देणार नाही. जाईल ती माझी नोकरी जाईल.
"अन् पुढच्या लग्नाला पुन्हा त्या बाया वाळू उपसतील?"
मग त्याच म्हणाल्या, "लिहा. पण नुसतं एक्स्चेंज लिहू नका. आम्ही तिघी आहोत इथं, उगाच दुसरीवर येईल. कुसुम लिहा." कुणाचा तरी कॉल आला, लाइन तुटली.
इतके दिवस बोलतो आहे, नाव आज कळलं. एकदाही हाक मारली नाही त्या नावाने.
अहवाल पुन्हा चांगल्या अक्षरात उतरवला. नावापुरती जागा कोरी ठेवली आहे. ऑफिस उद्या अकराला उघडतं.