मान झटकली की

३ सप्टेंबर
एकदाचं सामान लागलं. माझ्या नवऱ्याच्या, नियाझच्या आईवडिलांचं हे बोस्नियातलं घर आता आमचं. खिडकीखाली ऊना नदी, अंगणात फळांनी वाकलेली आलुबुखारची झाडं. सोमवारपासून मी इथल्या शाळेत संगीत शिकवणार. वरच्या मजल्यावरच्या शेजारीण हानका मावशी खिम्याचं गरम बुरेक घेऊन आल्या आणि जाताना हळूच विचारून गेल्या, नदीकाठी जीव घाबरत नाही ना? मार्चमध्ये मासे धरायला गेलेला नियाझ याच नदीत बुडाला. सापडला नाही. मी म्हटलं, तो इथे आहे म्हणूनच तर आम्ही आलो.

तेव्हापासून आमच्या नऊ वर्षांच्या लेकीची, मेरिमाची मान झटकते, डोळे मिचमिचतात. घाबरली की जास्तच. डॉक्टरीणबाईंनी बी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्यात, रोज एक. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण बघू, म्हणाल्या. लघवी पिवळीधमक होते म्हणून मेरिमाला हसू फुटतं. मावशींना मात्र हे पटलेलं नाही. “अगं सेनिया, कोंबडीला दाणे टाकावेत तशा गोळ्या कसल्या चारतेस? पोरीवरून शिसं ओतून घे, भीती उतरेल.”

२४ सप्टेंबर
गुण आला. आज जेवताना मान एकदाही हलली नाही. वर्गशिक्षिकाही म्हणाल्या, आता फळ्यावरचं नीट उतरवून घेते. मुरांबा ढवळता ढवळता मला रडूच आलं.

मेरिमा मात्र गोळी नको म्हणते. मान झटकली की तो लांब राहतो, म्हणे. कोण, विचारलं. बाबा. ओला आहे. ती शांत बसली की पुढे सरकतो. मी तिला पोटाशी धरलं. बाप गेलेल्या मुलांना असं काहीबाही दिसत असेल.

५ ऑक्टोबर
शेवटी शिसं ओतून घेतलं. मावशींनी मेरिमावर लाल ओढणी धरली, तिच्या डोक्यावर पाण्याचं भांडं, आणि वितळलेलं शिसं चर्रकन त्यात ओतलं. भीतीचा आकार पाण्यात उतरतो म्हणतात. आकार निघाला तो माणसाचा, एक खांदा उतरलेला. नियाझचा खांदा. मावशींनी माझ्याकडे बघायचं टाळलं. नदीत टाक आणि मागे वळू नकोस, एवढंच म्हणाल्या. मी पुलावर गेले, मूठ उघडेना. तसाच खिशात घालून परत आणला.

१२ ऑक्टोबर
आज मलाही दिसला. भर दुपारी, मेरिमाशेजारच्या खुर्चीत. मिशीतून पाणी ठिबकत होतं. माझ्याकडे असं बघितलं, जसं फक्त तोच बघायचा. मी पुढे होणार तोच मेरिमाची मान झटकली, आणि खुर्ची रिकामी. बसायची जागा ओली.

संध्याकाळी मी तिला एकाऐवजी तीन गोळ्या दिल्या. डॉक्टरीणबाईंनी वाढवून दिल्यात म्हणाले. तिने मुकाट्याने गिळल्या.

१९ ऑक्टोबर
तो रोज येतो. जेवणभर बसतो. मी त्याच्यापुढे कॉफी ठेवते. मेरिमा हलत नाही. चमचा तिच्या बोटांतून निसटतो, तळव्यांना फरशी कळत नाही. बाबांनी हात धरलाय, म्हणते.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. जास्त गोळ्यांनी नसा बधिर होतात, आजच्या आज बंद करा, म्हणाल्या. बंद केल्या, की ती पुन्हा मान झटकणार, आणि तो —

उद्यापासून करीन.

२२ ऑक्टोबर
बाटली फेकली. शिसंही नदीत टाकलं. तरी तो खुर्चीतच. मेरिमा मान झटकू बघते — हलतच नाही.

“आई, मला जमत नाहीये. तू झटक ना.”

मी त्याच्यासमोर उभी राहिले. तो हसला.
माझ्याने नाही —

२३ ऑक्टोबर
दार उघडं. दोघं अंगणातून नदीकडे. त्याने तिचा हात — ती अनवाणी, काठाचे धारदार दगड, तिला काहीच लागत नाही. पाणी घोट्यापर्यंत आलं तरी कळत नाहीये माझ्या पोरीला.

हाका मारल्या. दोघंही वळले.

ती ओठांनीच म्हणतेय, आई, झटक. एकदाच. मी एकदाच मान — पण मग तो पुन्हा कधीच —

बघतोय माझ्याकडे. तस्साच. फक्त एवढं बघून घेते, मग लगेच —