चौकीतला रिकामा खिळा

तीर्थस्वरूप दादांना साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तुमची बहीण खरोखरच खुशाल आहे. ती आत्ता माझ्याकडे पाठ करून भांडी घासते आहे, आणि भांड्यांच्या आवाजावरून तिला माझा राग आलेला आहे हे कळतं. माझं म्हणाल तर मी आहे. (आज तेवढंच खात्रीनं लिहू शकतो.) तुमची तब्येत कशी आहे? खोकला? गुडघे? जिना चढताना धाप लागते का? भूक नीट लागते ना? तुमच्या वडिलांना आणि आजोबांना भरपूर आयुष्य लाभलं असं ही नेहमी अभिमानानं सांगते, ते खरं आहे ना? आणि तुमचा तो पितळी बटणांचा निळा कोट अजून अंगाला येतो का? या सगळ्याची उत्तरं सविस्तर कळवा. उगाच विचारत नाही. काळजी वाटते.

तर आमच्या वस्तीत एक इतिहास मंडळ निघालं आहे. मी जन्मभर छत्र्या दुरुस्त करून पोट भरलं आणि शाळा चौथीत सोडली, त्यामुळे इतिहास म्हणजे राजे आणि लढाया एवढंच मला ठाऊक. पण मंडळाच्या चिटणीसबाई (पूर्वी भूगोल शिकवायच्या, आता इतिहासात बदली करून घेतली आहे) म्हणतात की आपण म्हातारी माणसं म्हणजेच इतिहास. हे वाक्य मला पहिल्यापासून आवडलेलं नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुनी चौकी आहे, पहारेकऱ्याची. तिच्यात कमरेएवढी उंच लोखंडी शेगडी आहे. पूर्वी थंडी पडली की पहिल्या संध्याकाळी वस्तीतला सगळ्यात वडीलधारा माणूस ती पेटवायचा आणि तिच्यातले निखारे घरोघर जायचे. मंडळानं ही चाल पुन्हा सुरू केली. आता कुणाच्याच घरी शेगडी नाही, त्यामुळे लोक डब्यात निखारा घेतात, त्याच्यासोबत फोटो काढतात आणि कोपऱ्यावरच्या नळाखाली विझवून घरी जातात. पण ते असो. माझं भांडण निखाऱ्याशी नाही.

पहिल्या वर्षी घड्याळजींनी शेगडी पेटवली. टाळ्या झाल्या, घड्याळजींचा फोटो चौकीच्या भिंतीवर लागला, आणि झाडांना पालवी फुटायच्या आत घड्याळजी गेले. दुसऱ्या वर्षी शिवणवाल्या मावशी. धडधाकट बाई, चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायच्या. पेटवली शेगडी, लागला फोटो. पालवी आली, मावशी नाहीत. गेल्या वर्षी जुने पोस्टमन. दादा, हा माणूस आयुष्यभर वस्तीतल्या कुत्र्यांना पुरून उरला होता. शेगडीला नाही उरला. हे मी हिला समजावून सांगितलं तर ही म्हणाली, "अहो, सगळ्यात म्हातारा माणूस निवडतात. मग तो जाणार नाही तर काय दूधवाला जाणार?" तुमच्या बहिणीचं डोकं चालतं हे मला मान्य आहे, पण ते कुठं चालावं याला काही धरबंध नाही. कारण या हिशेबानं यंदा कुणाची पाळी आहे हे तिच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

चिटणीसबाई घरी आल्या त्या हसतच. "अभिनंदन! यंदाचा मान तुमचा!" मी खुर्चीतून उठलो नाही. म्हणजे मी उठायला तयार होतो, पाय तयार नव्हते. मी तोंड उघडायच्या आत हिनं होकार देऊन चहा टाकला. बाईंनी पर्समधून टेप काढली आणि माझ्या डोक्याच्या अलीकडे-पलीकडे हवेतच माप घेतलं. म्हणाल्या, "चौकटीसाठी. आधी करून ठेवलेली बरी, नंतर घाई होते." नंतर म्हणजे कशाच्या नंतर, हे मी विचारलं नाही. फोटोखाली लावायचा मजकूरही त्यांनी लिहून आणला होता. 'छत्रीच्या कामात यांचा हात कुणी धरू शकत नसे. स्वभाव मनमिळाऊ होता.' मी म्हटलं, "होता?" त्या म्हणाल्या, "मंडळात आपण सगळं असंच लिहितो हो. म्हणजे पुन्हा बदलावं लागत नाही." यावर ही आतून ओरडली, "मनमिळाऊ कुठला? ते तेवढं बदला!" (तिची हरकत तेवढ्याच शब्दाला होती.)

आता आमच्या समोरच्या बेकरीतला पाववाला तुम्हाला आठवत असेल. त्याचं आणि माझं आयुष्यभराचं भांडण एकच, की दोघांत थोरला कोण. बेकरीबाहेरच्या बाकावर भिंतीला टेकायची जागा थोरल्याची, असा रिवाज आहे, आणि त्या टेकण्यासाठी आम्ही काय काय बोललो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. मी त्याच्याकडे गेलो, म्हटलं यंदा आपणच समजूतदारपणे माघार घ्यावी, थोरला तोच म्हणून सांगावं. तर मला बघताच हा बाकावरून उठून उभा राहिला आणि म्हणाला, "या काका, टेका." काका! जन्मात 'ए छत्री' यापलीकडे हाक मारली नाही त्यानं! मी म्हटलं, "काका कसला? मी तुमच्या खांद्यावर खेळलोय." तो म्हणाला, "काहीतरीच! तुमच्या लग्नात मी आईच्या कडेवर होतो." मी म्हटलं, "कडेवर? माझ्या लग्नात तू मांडवातले दिवे लावलेस रे, शिडीवर चढून!" मग त्यानं आपलं तरुणपण सिद्ध करायला मैद्याचं पोतं उचललं. मी गप्प कसा बसणार? मी भिंतीला लावलेल्या शिडीवरून बेकरीच्या माळ्यावर चढलो. तो वाकला तो वाकलेलाच राहिला, आणि मी चढलो तो खाली बघितल्यावर तिथलाच झालो. शेवटी त्याची सून आली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काका, तुम्ही खाली या. आणि बाबा, तुम्ही वर या." मला उतरवायला मंडळाचीच माणसं आली. तेव्हापासून बाई सगळ्यांना सांगतात की यंदाचे मानकरी अजून शिडी चढतात. म्हणजे ज्यासाठी गेलो होतो तेच अंगाशी आलं.

पण खरं भय पुढे आहे. काल दुपारी बाईंनी मला चौकीत तालमीला बोलावलं. शेगडी कशी पेटवायची हे मी त्यांना दाखवायचं, असं ठरलं होतं. (मी ती कधी पेटवलेली नाही. मला फक्त निखारे घ्यायला पाठवत असत.) मी लाकडं रचली, कागद घातला, काडी ओढली. धुराड्यात चिमण्यांनी घरटं केलं होतं, ते कुणाला ठाऊक? सगळा धूर उलटा माझ्या तोंडावर. बाई ओरडत बाहेर पळाल्या. मला दार सापडेना. डोळे चुरचुरताहेत, आणि धूर जरा विरळ होतो तो समोर घड्याळजी, मावशी आणि पोस्टमन ओळीनं माझ्याकडे बघताहेत. मावशी तर हसत होत्या, 'आलास का' म्हणाल्यासारख्या. मी हात जोडले आणि मोठ्यांदा म्हणालो, "मावशी, थोडी मुदत द्या हो, घरी दूध गॅसवर आहे." धूर गेल्यावर कळलं की ते भिंतीवरचे फोटो. पण दादा, पोस्टमनच्या शेजारी एक नवाकोरा खिळा ठोकून ठेवला आहे. चकचकीत. रिकामा. मी आयुष्यात पुष्कळ खिळे पाहिले, पण माझ्याकडे बघणारा खिळा पहिल्यांदाच पाहिला.

थंडी याच आठवड्यात पडेल असं रेडिओवर सांगताहेत. मी रोज सकाळी खिडकीतून हात बाहेर काढून बघतो आणि हात गार पडला की खिडकी लावून घेतो, जणू त्यानं थंडी बाहेरच थांबेल. नाही म्हणायची सोय नाही, हिनं गल्लीभर सांगून ठेवलं आहे. जेवण जात नाही. (काल रात्री गेलं, पण ते हिच्या धाकानं.) वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. माझे आशीर्वाद अजून चालतात तोवर देऊन ठेवतो.

आपला,
छत्रीवाला

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. तुम्ही हवापालटासाठी चार दिवस इकडे या. लगेच या, मिळेल त्या गाडीनं. मी बाईंना सहज विचारलं होतं की परगावचा माणूस चालेल का, तर म्हणाल्या, थंडी पडली त्या दिवशी ज्याचा मुक्काम वस्तीत तो वस्तीचाच, जुना नियमच तसा आहे. आणि तुम्ही माझ्यापेक्षा मोठे आहात, याबद्दल मला नेहमीच आदर वाटत आला आहे. तुमच्या घराण्याचं आयुष्य पाहता तुम्हाला काही होणार नाही. आणि झालंच, तर सख्ख्या बहिणीच्या घरी.

ता. क. हिनं पत्र वाचलं, तेही माझाच चष्मा लावून. ती सांगते, "दादाला लिहा, यायचं तर ये, पण त्या शेगडीपासून लांब बस." बघा, भावाची केवढी काळजी! मी विचारलं, आणि माझं काय? तर म्हणते, "तुम्हाला काय धाड भरली आहे? जुनी छत्री कुरकुरते फार, मोडत नाही."

ता. क. येऊ नका. पाववाल्यानं घात केला. सुनेनं भरीस घातलं म्हणून तो मंडळात गेला आणि सांगून आला की थोरला आपणच, काही झालं तरी शेगडी आपणच पेटवणार. आता बाकाला टेकून बसला आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो आहे की छत्रीनं शेवटी हार मानली. माझ्या खिळ्यावर त्याचा फोटो! मी आत्ताच बाईंकडे जाऊन आलो, तशा पायांनी धावत गेलो. पेटवणार मीच. घरटंही मीच काढलं धुराड्यातलं (शिडीवर ही उभी होती, मी खालून सांगत होतो). तेव्हा तुम्ही फक्त तो निळा कोट पाठवा, फोटोत बटणं उठून दिसतील. पालवी फुटली की कोट परत द्यायला मी स्वतः येईन. दुसऱ्या कुणाच्या हाती आला तर घेऊ नका.